वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर गावच्या लाइटवर

"माळ्यावर वॉल्व्हची जुनी मशीन पडून आहे. लावली तर चालेल का? की आमच्याकडच्या लाइटवर जळून जाईल?"

शहापूर-मुरबाडकडे वॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो. आवाज किती गोड, ट्रान्झिस्टरपेक्षा सरस की नाही, या गप्पा नंतरच्या. गावात आधी लाइटचा विचार करावा लागतो, मग गाण्याचा.

हे विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींच्या घरी पूर्वी मांडवाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता. लग्नात, हरिनाम सप्ताहात, जत्रेत वाजलेली जड लोखंडी मशीन, तिचे भोंगे आणि युनिट अजून घरात आहेत. दुसरे म्हणजे मुंबई-ठाण्याहून आसनगाव, खर्डी, टोकावडे किंवा सरळगावच्या बाजूला शनिवार-रविवारपुरते घर बांधलेले लोक. शहरातल्या फ्लॅटमध्ये जागा नाही, म्हणून वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डी त्यांनी इकडे हलवलेल्या असतात. दोघांनाही वाटते की वॉल्व्ह म्हणजे काचेची नळी, नाजूक वस्तू, तिला जपले की झाले.

प्रत्यक्षात ती नळी या पेटीतला बऱ्यापैकी सोशिक भाग आहे. पेटी बंद पडते ती बहुधा वर-खाली होणाऱ्या व्होल्टेजने, दमट हवेने आणि आतल्या म्हाताऱ्या कंडेन्सरने. त्यातही पहिल्या प्रकारच्या मालकाची मशीन रोज वाजत असेल तर सुखी असते. आठवडाभर कुलूपबंद घरात पडलेला महागडा अ‍ॅम्प्लिफायर आधी आजारी पडतो. असे का, ते समजायला आधी नळीच्या आत डोकावू.

१. काचेच्या आत काय चालते

नळीतली हवा काढून टाकलेली असते. मधोमध एक बारीक तार असते, तिला हीटर म्हणतात. हीटर तापला की त्याच्याभोवतीची कॅथोड नावाची नळकांडी तापते. कॅथोडवर बेरियम-स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा पांढरा लेप असतो. लालसर होईपर्यंत तापला की या लेपातून इलेक्ट्रॉन बाहेर पडू लागतात. बाहेरच्या बाजूला एक धातूचा पत्रा असतो, ती प्लेट. तिला अडीचशे-तीनशे व्होल्टचा धन दाब दिलेला असतो. मेकॅनिक या दाबाला एचटी म्हणतात. इलेक्ट्रॉन ऋण, प्लेट धन, त्यामुळे कॅथोडकडून प्लेटकडे एक अखंड प्रवाह सुरू होतो.

या दोघांच्या मध्ये तारेची विरळ जाळी असते, ती ग्रिड. सगळी करामत तिचीच. भातसाच्या उजव्या कालव्यावर चारीचे लोखंडी दार असते, ते डोळ्यासमोर आणा. एक माणूस चाक थोडेसे फिरवतो आणि शेकडो एकरांत जाणारे पाणी कमी-जास्त होते. पाण्याचा जोर धरणाचा, माणसाचा नव्हे. त्याने फक्त दार हलवले. ग्रिडवर रेकॉर्ड प्लेअरकडून किंवा मोबाइलकडून येणारा गाण्याचा क्षीण विद्युतदाब हे चाक फिरवतो आणि प्लेटचा मोठा प्रवाह त्याच तालावर कमी-जास्त होतो. आवाज मोठा होतो तो असा.

वॉल्व्हचा रेडिओ लावल्यावर अर्ध्या मिनिटाने बोलू लागतो, याचे कारणही हेच. कॅथोड तापेपर्यंत इलेक्ट्रॉनच नाहीत, तर प्रवाह कुठून येणार?

जॉन अँब्रोज फ्लेमिंगने १९०४ मध्ये कॅथोड आणि प्लेटची दोन टोकांची नळी बनवली. १९०६ मध्ये ली डी फॉरेस्टने तिच्यात ग्रिड घातली. मुंबईचे प्रसारण केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले, तेव्हा प्रक्षेपकात नळ्या होत्या आणि ऐकणाऱ्याच्या रेडिओतही नळ्याच होत्या. ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ चा. तो आपल्याकडच्या घरांत रुळेपर्यंत आणखी दीड-दोन दशके गेली. आपल्याच जिल्ह्यात, ठाण्याला, मर्फी रेडिओचा कारखाना होता. मर्फीच्या जाहिरातीतल्या गोंडस बाळाचे कॅलेंडर ज्यांच्या भिंतीवर होते, ती पिढी अजून आहे.

२. नळीवरची अक्षरे वाचायला शिका

नळीच्या काचेवर बारीक अक्षरे असतात. ती पुसण्याआधी वहीत उतरवून ठेवा, कारण ओल्या फडक्याने ती हमखास जातात. युरोपीय पद्धतीत पहिले अक्षर हीटरचे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्ट. 'डी' म्हणजे दीड व्होल्टच्या आतला, बॅटरीवर चालणारा. वीज पोहोचण्याआधीच्या काळात खेड्यांत जे बॅटरीचे रेडिओ होते, त्यांतल्या नळ्या 'डी'च्या. पुढचे अक्षर कामाचे. 'सी' म्हणजे वर सांगितलेली ग्रिडची साधी नळी, ट्रायोड. 'सीसी' म्हणजे एका काचेत अशा दोन. 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारी ताकदीची नळी. 'झेड' म्हणजे एसीचे डीसी करणारी. आकडा ३ ने सुरू होत असेल तर बुडाला आठ जाड पिना, ८ ने सुरू होत असेल तर नऊ बारीक पिना.

म्हणजे ईसीसी८३ आणि ईएल८४ ही नावे आता वाचता येतील. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुतेक वेळा याच दोन भेटतात. मांडवाच्या मशीनमध्ये ईएल३४ किंवा अमेरिकी नावाच्या ६एल६ आणि ८०७ असतात.

एका अक्षरापासून मात्र लांब राहा. नळीचे नाव 'यू'ने सुरू होत असेल, उदाहरणार्थ यूएल८४ किंवा यूसीएल८२, तर त्या सेटमध्ये बहुधा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळे हीटर एकामागून एक जोडून थेट मेनवर टाकलेले असतात आणि चॅसिसच, म्हणजे ज्यावर सगळे बसवलेले असते तो पत्रा, मेनच्या एका वायरला जोडलेली असते. पिन उलटी लागली की सगळा पत्रा लाइव्ह. असा सेट शोभेसाठी ठेवा. मोबाइल जोडून गाणी ऐकायला तो नको.

३. डिम लाइट आणि फुल लाइट

आता मूळ प्रश्नाकडे. गावातल्या लाइटचा स्वभाव आपल्याला माहीत असतो. उन्हाळी भाजीपाल्याला पाणी सोडायची वेळ झाली, एकाच डीपीवरचे पंप सुरू झाले की बल्ब पिवळा पडतो. रात्री एक-दीडनंतर पंप बंद, दिवे बंद, आणि तोच बल्ब डोळे दिपवतो. अ‍ॅम्प्लिफायरवर याचा काय परिणाम होतो, ते साध्या त्रैराशिकाने काढता येते.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टला ६.३ व्होल्ट देतो असे धरू. लाइट १८० वर आली तर हीटरला ६.३ × १८० ÷ २३०, म्हणजे साधारण ४.९ व्होल्ट मिळतात. २६० झाली तर ७.१ व्होल्ट. हीटरला दहा टक्के इकडे-तिकडे चालते, म्हणजे ५.७ ते ६.९ पर्यंत. दोन्ही टोके त्याबाहेर गेली. कमी व्होल्टेजवर कॅथोड अर्धवट तापतो, आवाज चिरका आणि दबका होतो. तासन्‌तास असे चालवले तर लेपाचे नुकसान होते. जास्त व्होल्टेजवर लेप झपाट्याने उडून जातो.

पण खरा घात होतो तो शहाणपणातून. जुन्या मशीनच्या मागे २००, २२०, २४० अशा खुणांचा टॅप असतो. लाइट कायम डिम म्हणून कुणीतरी तो २०० वर लावून ठेवतो. संध्याकाळी मशीन छान वाजते. रात्री लाइट २५० वर जाते तेव्हा काय होते, ते बघा. हीटरला ६.३ × २५० ÷ २०० म्हणजे ७.९ व्होल्ट. एचटी ३०० ऐवजी ३७५. ईएल८४ च्या प्लेटची कमाल मर्यादाच ३०० व्होल्टची आहे, आणि एचटी सपाट करणाऱ्या फिल्टर कंडेन्सरवर बहुधा ३५० छापलेले असते. सप्त्यात पहाटेच्या काकड्याला मशीन फुस्स करून बंद पडली, पेटीतून कडवट वास आला, अशा गोष्टी जुन्या लाउडस्पीकरवाल्यांकडून ऐकायला मिळतात. त्यामागे बरेचदा हा टॅप असतो. माझा आग्रह असा की टॅप २३० किंवा २४० वरच ठेवावा आणि खालच्या व्होल्टेजचे बघायला स्टॅबिलायझर घ्यावा. शंभर-दीडशे वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरला ५०० व्हीएचा पुरतो. रिलेचा स्टॅबिलायझर टकटक करत पायऱ्यापायऱ्यांनी व्होल्टेज बदलतो. गाणे ऐकताना ते खटकते, म्हणून परवडत असेल तर सर्व्हो घ्या.

याहून वाईट प्रकार म्हणजे डीपीवर न्यूट्रल तुटणे. तसे झाले की काही घरांत लाइट एकदम मंदावते आणि काहींत तीनशेच्या पार जाते. टीव्ही, फ्रिज, एलईडी सगळे एका दमात जातात. वॉल्व्हची मशीन त्याला अपवाद नाही. 'हाय व्होल्टेज कट' असलेला स्टॅबिलायझर इथे वाचवतो. लाइट गेली की अ‍ॅम्प्लिफायरचा स्विच हाताने बंद करायची सवय ठेवा आणि परत आल्यावर पाचेक मिनिटे थांबून लावा. लाइट परत येते ती पुष्कळदा दोन-तीन हिसके देऊनच.

इन्व्हर्टरवर चालवावा का? स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर नको. मेनच्या लाटेचा शेंडा ३२५ व्होल्टपर्यंत जातो आणि एचटीचा कंडेन्सर त्या शेंड्यापर्यंत भरतो. स्क्वेअर वेव्हला असा उंच शेंडा नसतो. हीटर नीट तापतो, पण एचटी बरीच खाली येते आणि ट्रान्सफॉर्मर घूं करत बसतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर असेल तर काही अडचण नाही.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडकडू लागल्या की प्लग भिंतीतून काढा. नुसते बटण बंद करून भागत नाही.

४. आषाढ-श्रावणातला ओलावा

सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत इथे दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. माळशेजच्या बाजूला तर ढग घरातच येतात. कपडे वाळत नाहीत, चपलेला बुरशी येते, पापड मऊ पडतात. तीच हवा अ‍ॅम्प्लिफायरच्या जाळीतून आत जाते.

काचेच्या नळीला तिचे काही वाटत नाही, ती सीलबंद आहे. वाटते ते पिनांना, सॉकेटला, ट्रान्सफॉर्मरच्या कागदाला आणि सर्वांत जास्त कंडेन्सरला. जुनी मशीन उलटी करून पाहा. सॉकेटच्या पिनांवर हिरवट थर, कोपऱ्यात कोळ्याचे जाळे, भाताच्या मळणीचा तूसमिश्रित धुरळा. आणि मधे बोटाएवढ्या तपकिरी नळकांड्या, ज्यांच्या टोकांतून मेण ओघळून चॅसिसवर गोठले आहे. अंगावर ०.०५ एमएफडी, ४०० व्होल्ट असे काहीतरी छापलेले असते. हे कागदी कंडेन्सर. पहिल्या नळीच्या प्लेटवरचा गाण्याचा भाग दुसऱ्या नळीच्या ग्रिडवर पोहोचवायचा आणि प्लेटवरचे मोठे डीसी व्होल्टेज मात्र अडवून धरायचे, हे त्यांचे काम. मेण तडकले की कागद ओल शोषतो. मग डीसी अडत नाही, झिरपू लागते.

किती झिरपले तर बिघडते? हिशेब करू. कंडेन्सरच्या एका बाजूला १५० व्होल्ट आहेत आणि ओलीमुळे त्याचा अडथळा ७५ मेगओहमवर आला आहे. १५० ला ७५ लाखांच्या दहापटीने भागा, म्हणजे दोन मायक्रोअँपिअर. अँपिअरचा पाच लाखावा भाग. ऐकायला काहीच नाही. पण ग्रिडवरून जमिनीकडे जाणारा रेझिस्टन्स ४७० किलोओहमचा असतो, आणि त्याच्यावर या दोन मायक्रोअँपिअरमुळे ०.९४ व्होल्ट उभे राहतात. जिथे शून्य हवे, तिथे जवळजवळ एक व्होल्ट धन. ईएल८४ मध्ये ग्रिडचा एक व्होल्ट हलला की प्लेटचा प्रवाह दहा-अकरा मिलिअँपिअरने हलतो. कालव्याचे दार कायमचे जास्त उघडे राहिल्यासारखे हे झाले. कॅथोडचा रेझिस्टन्स थोडेफार सावरून घेतो, पण नळी आधीच काठावर चालत असते. ती जास्त तापते, तापल्यावर आणखी प्रवाह ओढते, आणि शेवटी अंधारात पाहिले तर करडी प्लेट लाल झालेली दिसते. मालक म्हणतो, वॉल्व्ह खराब निघाला. नवा आणतो. दोन महिन्यांत तोही जातो.

जुने रेडिओ मेकॅनिक म्हणूनच आधी कंडेन्सर बघतात, वॉल्व्ह मागून. कागदी कंडेन्सर काढून तेवढ्याच एमएफडीचे आणि ६३० व्होल्टचे पॉलिप्रॉपिलिनचे बसवायचे. प्लास्टिक ओल शोषत नाही. जुन्याची शान जाते म्हणून कागदीच ठेवा असे सांगणारे शौकीन असतात. कोकणकड्याच्या खाली राहणाऱ्याने त्यांचे ऐकू नये. एचटीचे मोठे फिल्टर कंडेन्सरही जुने असतील तर बदलावेत, कारण वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर विरतो.

पावसाळ्यात वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बंद करून प्लास्टिकमध्ये गुंडाळणे ही चुकीची माया आहे. आतली ओल आतच राहते. दिवसाआड तासभर वाजवा. शंभर वॅटची ऊब सगळी पेटी कोरडी करते. शनिवार-रविवारच्या घरवाल्यांना हे जमत नाही. त्यांनी बंद कपाटात ठेवून आत एक छोटा झिरो वॅटचा तापणारा बल्ब लावावा, एलईडी नव्हे. मात्र अ‍ॅम्प्लिफायर त्या कपाटात चालवू नये. वर वीतभर तरी मोकळी जागा हवी.

उबेचा एक त्रासही आहे. बंद केल्यावर पेटी बराच वेळ कोमट राहते आणि थंडीच्या दिवसांत पालीला याहून चांगली जागा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी स्विच लावला की पाल एचटी आणि चॅसिस यांच्यामध्ये सापडते. पालही जाते, ट्रान्सफॉर्मरही जातो. खालच्या मोकळ्या भोकांना मच्छरजाळीसारखी बारीक धातूची जाळी ठोकून घ्या. लाकडी कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. वाळवी आधी कॅबिनेटच्या मागच्या हार्डबोर्डला लागते, आणि तो भाग कुणी पाहतच नाही.

५. माळ्यावरची मशीन पहिल्यांदा लावताना

थेट प्लग लावू नये. रेडिओ दुरुस्तीच्या प्रत्येक जुन्या दुकानात भिंतीवर एक सिरीज बोर्ड असे: एक होल्डर आणि एक सॉकेट, असे जोडलेले की सॉकेटमध्ये लावलेल्या यंत्राची वीज आधी बल्बमधून यावी. होल्डरमध्ये शंभर वॅटचा तारेचा बल्ब लावा आणि मशीन सॉकेटला जोडा. बल्ब क्षणभर उजळून मग मंद झाला तर ठीक. फक्कन पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. लगेच बंद करा. नुकसान काहीच झालेले नसते, कारण जादा करंट बल्बने अडवला. एलईडी बल्ब हे काम करत नाही. तारेचे बल्ब दुकानांतून नाहीसे होत आहेत, तेव्हा दोन-तीन घेऊन ठेवलेले बरे.

आणि स्पीकर जोडल्याशिवाय वॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नका. ट्रान्झिस्टरला स्पीकर नसला तरी चालते, इथे चालत नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नळीला लागणारे काही हजार ओहम आणि स्पीकरचे आठ ओहम यांची सांगड घालतो. ईएल८४ ला ५२०० ओहम हवे असतील तर ५२०० ÷ ८ = ६५०, आणि त्याचे वर्गमूळ साधारण साडेपंचवीस. म्हणजे नळीच्या बाजूला पंचवीस-सव्वीस वेढे, तर स्पीकरच्या बाजूला एक. स्पीकर काढून आवाज सोडला की नळीकडच्या वेढ्यांवर हजारांत व्होल्टेज चढते आणि आतले इन्सुलेशन फुटते. हा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे हात आता कमी राहिले आहेत.

६. उघडणार असाल तर

चॅसिस उलटी करणे हे प्रत्येकाचे काम नाही, आणि ते मान्य करण्यात कमीपणाही नाही. आत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी असते. प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये ते मिनिटेच्या मिनिटे, कधी तासभर टिकते. प्लग काढायचा, दहा किलोओहम पाच वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड चिमट्यांनी कंडेन्सरच्या दोन टोकांवर धरायचा, दहा सेकंद मोजायचे, आणि मग मीटरने खात्री करायची. शून्याजवळ दिसल्याशिवाय बोट आत जाता कामा नये. चालू मशीनवर मोजताना एक हात खिशात ठेवायचा, पायात रबरी चप्पल, आणि घरात दुसरे माणूस हवे. स्क्रू ड्रायव्हरने कंडेन्सर शॉर्ट करून ठिणगी दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नये.

एवढे पाळता येत असेल तर डिजिटल मीटरने दोन गोष्टी पाहता येतात. पहिली, ईएल८४ च्या ग्रिडवर चॅसिसच्या तुलनेत किती व्होल्ट आहेत. कॅथोडला रेझिस्टन्स असलेल्या जोडणीत शून्य यायला हवे. धन व्होल्टेज दिसले की वर सांगितलेला कंडेन्सर झिरपतो आहे. दुसरी, कॅथोडच्या रेझिस्टन्सवरचे व्होल्टेज. रेझिस्टन्स १३५ ओहमचा आणि मीटरवर ७.२ व्होल्ट आले, तर ७.२ ÷ १३५ म्हणजे ०.०५३ अँपिअर, ५३ मिलिअँपिअर. यातले पाचेक स्क्रीन ग्रिडचे, म्हणजे ताकदीच्या नळीतल्या दुसऱ्या जाळीचे, वजा केले की ४८ उरतात. प्लेट आणि कॅथोड यांच्यात २४३ व्होल्ट असतील तर २४३ × ०.०४८ = ११.७ वॅट. ईएल८४ ची मर्यादा १२ वॅटची. म्हणजे नळी मर्यादेत आहे, पण जेमतेम. हाच आकडा दर सहा महिन्यांनी वहीत लिहिला तर नळी म्हातारी होताना दिसते: ५३, ५०, ४५ असे उतरत जाते. चाळिशीच्या खाली गेली की बदलायची तयारी करावी.

मीटर न लावता डोळ्यांनीही काही कळते. काचेच्या शेंड्यावर आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. उरलीसुरली हवा शोषणारे हे बेरियम. तो दुधासारखा पांढरा झाला म्हणजे काच तडकून हवा आत गेली. ती नळी संपली. काचेच्या आतल्या बाजूला निळसर चकाकी दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. प्लेटच्या आत, मधोमध जांभळट धुके दिसले तर मात्र आत वायू आहे. आणि नळीवर पेन्सिलने हलकेच टिचकी मारल्यावर स्पीकरमधून टण्‌कन आवाज आला, तर तिचे आतले भाग सैल झाले आहेत. पहिल्या ईसीसी८३ ला हे खपत नाही. तिचा आवाज पुढच्या सगळ्या नळ्या मोठा करतात.

७. गुणगुण

स्पीकरमधून सतत येणारी घूं ही सर्वांत जास्त तक्रार. मेनची लाट सेकंदाला पन्नास. एसीचे डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्ध वापरले जातात, म्हणून फिल्टर कंडेन्सर थकला की उरणारी गुणगुण शंभरची असते. हीटरकडून, ढिल्या अर्थकडून किंवा रेकॉर्ड प्लेअरच्या वायरकडून येणारी पन्नासची असते. भजनाला बसणाऱ्या माणसाला हा फरक मीटरशिवाय कळतो: शंभर हा पन्नासचाच वरच्या सप्तकातला स्वर. वरचा ऐकू आला तर कंडेन्सर बदला, खालचा आला तर वायरी आणि अर्थिंग तपासा.

अर्थिंगची इकडे वेगळी कथा आहे. खाली मुरूम आणि काळा कातळ. पावसाळ्यात मीठ-कोळशाचा खड्डा उत्तम काम करतो. एप्रिल-मे उजाडला की माती सुकते, अर्थ नावापुरता उरतो, चॅसिसला हात लावला की झिणझिण्या येतात आणि गुणगुण वाढते. उपाय म्हणजे खड्ड्यात बादलीभर पाणी. तानसा आणि भातसा ज्या तालुक्यात आहेत, ज्यांचे पाणी मुंबई पिते, त्याच शहापूरच्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. तिथे अर्थिंगला बादली ओतायला सांगणारा माणूस घरच्या बायकांकडून दोन शब्द ऐकून घेणारच. भांडी विसळलेले पाणी चालते.

८. खर्च आणि सुटे भाग

चार ईएल८४ आणि दोन-तीन छोट्या नळ्यांचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर साधारण शंभर वॅट खातो. रोज दोन तास ऐकले तर महिन्याला ०.१ × २ × ३० = सहा युनिट. बिलाची भीती नको. ताकदीच्या नळ्या काही हजार तास टिकतात. रोज दोन तास म्हणजे वर्षाला ७३० तास, तेव्हा तीन हजार तासांची जोडी चार वर्षे जाते. छोट्या नळ्या त्याहून कितीतरी जास्त.

बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स एकेकाळी ईसीसी८३ आणि ईएल८४ बनवत असे. तिच्या छापाच्या नळ्या आजही जुन्या साठ्यांतून निघतात आणि चांगल्या असतात. नव्या नळ्या आता स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमधून येतात. शोधायला जायचे तर शहापूरकरांनी आसनगावहून लोकल पकडावी, मुरबाडकरांनी एसटीने कल्याण गाठावे, आणि पुढे मुंबईत लॅमिंग्टन रोड. चोर बाजारातही मिळतात, पण तिथे चंदेरी डाग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, आणि 'जोडी' म्हणून दिलेल्या दोन नळ्या एकाच जोराच्या असतीलच असे नाही. परत येताना पुठ्ठ्याच्या खोक्यात, वर्तमानपत्राच्या बोळ्यांत उभ्या ठेवाव्यात. मांडीवर घ्या, सामानाच्या फळीवर नको.

घरात हाताशी असावे ते एवढेच: एक ईसीसी८३, ईएल८४ ची एक जोडी, आणि मशीनच्या मागे लिहिलेल्याच अँपिअरचे चार-पाच काचेचे फ्यूज. फ्यूजच्या जागी चांदी कागद किंवा जाड तार घालू नका. एक उडाला तर दुसरा लावून पाहा. दुसराही गेला, तर 'झेड'ची नळी असल्यास तेवढी ठेवून बाकीच्या नळ्या काढा आणि एकदा सिरीज बोर्डवर लावा. बल्ब तरीही फक्कन पेटलेलाच राहिला तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये, फिल्टरमध्ये किंवा त्या 'झेड' नळीत आहे. मंद झाला तर काढलेल्या नळ्यांपैकी एखादीत, किंवा तिला जादा प्रवाह ओढायला लावणाऱ्या कंडेन्सरमध्ये. मेकॅनिककडे जाताना हे सांगा. त्याचा अर्धा दिवस वाचेल आणि तुमचे काही पैसेही.